ऊन निर्दोष होतं: डेझीच्या एका वाफ्याची तपासणी

ताईनं फोन केला तो शेडनेटची चौकशी करायला. ५० टक्के सावलीची जाळी घ्यावी की ७५ टक्क्यांची, एवढंच तिला विचारायचं होतं. "डेझी उन्हानं जळतायत रे," म्हणाली. डेझी आणि उन्हानं जळतेय, हे काही माझ्या गळी उतरेना. जाळी लगेच घेऊ नकोस, मी येऊन बघतो, असं सांगितलं आणि दोन दिवसांनी खुरपं, पहार आणि एक वही घेऊन गेलो.

वाफा ७ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. मागे घराची भिंत, पुढे खडी अंथरलेली पायवाट. डावं टोक घराच्या कोपऱ्याला लागलेलं, उजवं टोक हिरवळीला. दोन ओळींत तेरा-तेरा अशी २६ शास्ता डेझीची रोपं, जात अलास्का. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा डोळा, उंची मांडीपर्यंत. पहिल्या वर्षी थोडी फुलं आली, दुसऱ्या वर्षी वाफा पांढराशुभ्र झाला आणि येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. मी गेलो ते तिसरं वर्ष. ऐन बहराचे दिवस, आणि एक टोक उजाड, दुसरं टोक आडवं पडलेलं, मधल्या झाडांना जणू टक्कल.

ताईचा तर्क असा: भिंत तापते, दुपारी पानं माना टाकतात, म्हणजे ऊन सोसत नाही. तिनं पाणी दिवसाआड होतं ते रोज केलं, मग दोन वेळा केलं. तरी झाडं जातच राहिली. तेव्हा उरला एकच उपाय, सावली.

मी आधी वहीत वाफ्याचा नकाशा काढला. प्रत्येक झाडाला नंबर, नंबरापुढे त्याची अवस्था. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण टाळतात. पण वाफ्यासमोर उभं राहून 'सगळंच बिघडलंय' असं वाटत असतं, ते कागदावर उतरलं की वेगळंच दिसतं. इथेही तसंच झालं. डावीकडच्या पहिल्या १० झाडांपैकी ७ मेलेली, २ मरणाच्या वाटेवर, आणि एक, सात नंबरचं, ठणठणीत. मधली ८ जिवंत, पण ठोंबाच्या मध्यभागी वाळकी काटकी आणि फुटवे फक्त कडेनं. उजवीकडची ८ गर्द हिरवी, उंच, आणि फुलांच्या वजनानं पायवाटेवर लोळणारी.

मग उन्हाचा हिशेब. सकाळपासून दर दोन तासांनी वाफ्यावर सावली कुठवर येते ते पाहिलं. सकाळी आठ ते दुपारी चार सगळा वाफा उन्हात, डावं टोकही आणि उजवंही. शास्ता डेझीला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं, इथे आठ तास होतं. जी गोष्ट पूर्ण वाफ्याला सारखी मिळते, ती एका टोकाला मरण आणि दुसऱ्या टोकाला माज कसा देईल? ताईला हे पटलं, पण पूर्ण नाही. "अरे, पण दुपारी माना टाकतात ते मी डोळ्यांनी बघते ना!"

ते खरंच होतं. आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

मरणाच्या वाटेवरच्या दोनांपैकी एक झाड उपटायला गेलो तर उपटावं लागलंच नाही. दांडे नुसते ओढले आणि हातात आले, मुळं खालीच राहिली. तळाशी जिथून फुटवे निघतात तो गड्डा तपकिरी, मऊ, बोट दाबलं की आत जाणारा. वास कुबट. मुळांची साल चिमटीत धरून ओढली तर मोज्यासारखी सरकून निघाली आणि आत नुसता दोरा उरला. आधी माझ्या मनात मर रोग होता, म्हणून दांडा तिरपा कापून पाहिला. मर रोगात आतल्या वाहिन्या तपकिरी पडतात. इथे दांडा आतून स्वच्छ होता. कूज खालून वर चढत होती.

अशी मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माती चिंब असली तरी झाड तहानलेलंच राहतं आणि दुपारी माना टाकतं. बघणाऱ्याला तहान दिसते, तो पाणी घालतो. पाण्यानं कूज वाढते, माना आणखी लवकर पडतात, पाणी दोनदा होतं. फायटोप्थोरा आणि पिथियम ही मूळकूज करणारी मंडळी तर पाण्यातच फोफावतात. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. ताई दिवसातून दोन वेळा त्यांना पोहायला तलाव भरून देत होती. (हे वाक्य मी तिच्यासमोर म्हटलं नाही. लिहायला हरकत नाही.)

कोमेजलेलं झाड तहानलेलं की बुडालेलं, हे ओळखायला मी बोट वापरतो. बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं आणि तरीही माना पडलेल्या असतील तर झारी ठेवून द्यायची आणि मुळं बघायची. दुसरी खूण संध्याकाळची. नुसत्या उन्हानं मलूल झालेलं झाड ऊन उतरलं की सावरतं. मुळं गेलेलं झाड सकाळीही तसंच.

आता डावीकडेच का, हा प्रश्न. दोन्ही टोकांना हातभर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा एकेक खड्डा घेतला. उजवीकडे कुदळ मऊ मातीत उतरत गेली. डावीकडे वीतभर खाली गेल्यावर ती टणकन वाजली. बांधकामाच्या वेळी तुडवून दाबलेली चिकणमाती, त्यात सिमेंटचे तुकडे आणि विटांचा चुरा, आणि वरून आणून टाकलेला वीतभर पोयट्याचा थर. वरून माती झकास दिसत होती. खाली परात होती.

दोन्ही खड्डे पाण्यानं भरले, जिरू दिले आणि पुन्हा भरले. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून मोजायचं ते दुसऱ्या भरणीचं. उजवीकडे तासाला ४ सेंटिमीटर उतरलं, म्हणजे चांगला निचरा. डावीकडे तासाभरात एक सेंटिमीटरही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला चार बोटं पाणी तसंच. भरीला छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात उतरत होता. पाऊस पडला की छपरावरचं सगळं पाणी थेट डेझीच्या पायाशी.

सात नंबर का वाचलं, तेही मग कळलं. तिथे रोप लावताना खाली मोठा दगड लागला म्हणून ताईनं माती ओढून उंचवटा केला होता. तळहाताच्या रुंदीएवढा उंच. तेवढ्यानं त्या झाडाचा गड्डा पाण्याच्या वर राहिला. त्याहून मोठी साक्ष पायवाटेवर होती. खडीत आपोआप उगवलेली डेझीची डझनभर पिलं, ना कुणी पाणी घातलेलं ना खत, दिवसभर तापणाऱ्या दगडांत, आणि एकाचंही पान करपलेलं नाही. ताईला मी ती दाखवली. ती बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली आणि मग म्हणाली, "ही मी दर आठवड्याला उपटून टाकते."

डाव्या टोकाला आणखी एक चूक होती, छोटी पण जीवघेणी. रोपं वाऱ्यानं हलू नयेत म्हणून ताईनं प्रत्येकाच्या बुडाशी माती चढवली होती आणि वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दांड्यांना खेटून घातलं होतं. वांगं-मिरचीला मातीची भर देतात तशी डेझीला देऊ नये. तिचा गड्डा जमिनीच्या पातळीला हवा, वर उघडा, वारा लागणारा. आच्छादन पाच सेंटिमीटर पुरे, तेही गड्ड्यापासून चार बोटं लांब.

उजवीकडच्या झाडांचं दुखणं अगदी उलट होतं. पानं लुसलुशीत, दांडे लांब आणि पोकळ वाटावेत असे नरम, कोवळ्या शेंड्यांवर माव्याची दाटी. विचारल्यावर कळलं की लगतच्या हिरवळीला खत फेकलं जातं आणि मूठ मोकळी सोडली की थोडं वाफ्यातही पडतं. खताची पिशवी मागवली. पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. हिरवळीच्या खतात पहिला आकडा मोठा असतो, कारण गवताकडून पानंच हवी असतात. या पिशवीवर तो उरलेल्या दोघांच्या बेरजेहून मोठा होता. डेझीला इतकं नत्र मिळालं की ती पानं आणि उंची वाढवते, दांड्याला बळ येत नाही, आणि फुलं आली की झाड झोपतं. माव्यालाही असला रसरशीत पाला हवाच असतो. औषध फवारायची गरज नव्हती. पाण्याच्या जोरदार धारेनं मावा धुऊन काढला, आणि खत टाकताना वाफ्याच्या कडेला फळी उभी धरायची असं ठरलं.

मधल्या आठांना तर रोगच नव्हता. शास्ता डेझी बहुवर्षायू असली तरी तिचा एकेक ठोंब दीर्घायुषी नसतो. नवे फुटवे दरवर्षी बाहेरच्या अंगाला येतात, मधला भाग म्हातारा आणि काष्ठमय होत जातो. दोन-तीन वर्षांत ठोंबाचं कडं होतं. शेवंती लावणाऱ्यांना हे नवं नाही, ते मुनवे, म्हणजे बुडाशी येणारे फुटवे, काढून नवी लागवड करतातच, आणि डेझी शेवंतीच्याच कुळातली. पण 'बहुवर्षायू' शब्दानं फसगत होते. एकदा लावलं की सुटलो, असा त्याचा अर्थ माणूस घेतो. खरं तर दर दोन-तीन वर्षांनी ठोंब काढून फोडायचे, मधला भाग कंपोस्टात टाकायचा आणि कडेचे फुटवे पुन्हा लावायचे, तेव्हा कुठे ती वर्षानुवर्षं टिकते.

मधल्या आठांत एक झाड मात्र निराळं निघालं. त्याच्या फुलांच्या पाकळ्या हिरव्या, आखडलेल्या, आणि पिवळ्या डोळ्यातून बारीक पानांचे झुबके फुटलेले. ताईला ते फार आवडलं होतं. नवीन जात निघाली म्हणून त्याचं बी धरायचा तिचा विचार होता. लक्षणं अ‍ॅस्टर यलोजची होती. हा फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवामुळे होणारा रोग, तो पसरवतात तुडतुडे, आणि त्याला उपचार नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण तोवर शेजारच्या सोळा झाडांना धोक्यात ठेवण्यात अर्थ नव्हता. झाड मुळासकट काढून बंद पिशवीत घातलं. ताई त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही.

म्हणजे एका वाफ्यात चार वेगळी दुखणी: पाणी, नत्र, वय आणि एक रोग. चारही एकाच मोसमात दिसली म्हणून एकच वाटली, आणि नाव आलं उन्हावर.

इथे माझी चूक सांगायला हवी. उत्साहाच्या भरात मी त्याच दिवशी, भर बहरात, दुपारच्या उन्हात मधले चार ठोंब काढून फोडले. १२ तुकडे झाले. आठवड्याभरात ९ वाळले. फुलांनी लदलेल्या झाडाची मुळं तोडली तर ते फुलं, पानं आणि नवी मुळं हे तिन्ही एकदम सांभाळू शकत नाही. डेझी फोडायची ती हवा थंडावल्यावर, बहर संपून महिना झाला की, किंवा थंडी सरताना नवी वाढ सुरू व्हायच्या आधी. मला हे माहीत होतं. तरीही केलं, याला काही उत्तर नाही.

बाकीचं काम मग हवा बदलेपर्यंत थांबवलं. तोवर पन्हळीचा पाइप वळवून हिरवळीच्या पलीकडे नेला आणि पाणी आठवड्यातून दोनदा, पण खोलवर मुरेल असं द्यायला सुरुवात केली. कोमेजलेली फुलं खुडणं ताईनं आपल्याकडे घेतलं. कधी खुडायचं यावर आमचा थोडा वाद झाला. ती पाकळ्या झडायची वाट बघे. मी तिला भिंगातून डोळा दाखवला. डेझीचं फूल म्हणजे फुलांचा मेळावा असतो. प्रत्येक पांढरी पाकळी हे एक फूल, आणि पिवळ्या डोळ्यातला प्रत्येक ठिपका हे आणखी एक. हे ठिपके एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या कड्यापासून सुरुवात होते आणि रोज एक-दोन कडी आत सरकत मध्यापर्यंत पोचतात. मधले उमलले, डोळा तपकिरी पडू लागला की झाड बी धरायला लागतं. तो क्षण खुडायचा, दांडा खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत कापून. नुसतं डोकं तोडलं तर वाफ्यात काठ्यांची पलटण उभी राहते.

हवा थंडावल्यावर डावं टोक पूर्ण खणलं. ४५ सेंटिमीटर खोल, पहारीनं तो थर फोडून, सिमेंटचे तुकडे वेचून. ताईनं वाळूचं पोतं आणून ठेवलं होतं, ते परत पाठवलं. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर निचरा होत नाही, उलट ती घट्ट बसते. उपयोग व्हायचा तर मातीच्या निम्म्याच्या आसपास वाळू लागते, आणि एवढी कोण ओतणार? त्याऐवजी चार बोटं जाडीचं कुजलेलं कंपोस्ट मिसळलं आणि त्या टोकाला वीतभर उंच गादीवाफा केला. सात नंबरच्या उंचवट्यानं जे शिकवलं, तेच मोठ्या प्रमाणावर.

उरलेले १२ ठोंब एका ढगाळ संध्याकाळी काढले. बागकामाचे दोन काटे (फोर्क) पाठीला पाठ लावून मध्ये रोवायचे आणि दांडे एकमेकांपासून दूर ढकलायचे, ठोंब मुळं न चिरता दुभंगतो. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच फुटवे आणि मूठभर मुळं राहतील असं पाहिलं. ४० तुकडे मिळाले. पानं निम्मी छाटून, वाफसा आलेल्या, म्हणजे ना चिंब ना कोरड्या, मातीत, ४५ सेंटिमीटर अंतरावर, गड्डा जमिनीच्या पातळीला ठेवून लावले. ४० पैकी ३७ धरले.

पण सगळीकडे पुन्हा शास्ताच लावली नाही. हा निर्णय ताईचा आणि मला तो माझ्या सगळ्या खोदकामापेक्षा शहाणपणाचा वाटतो. कोपऱ्यालगतचा दीड मीटर इतकं करूनही थोडा ओलसर राहतो, तिथे तिनं हेलेनियम लावलं. फुलं डेझीच्याच घडणीची, पण मुळांना ओल चालते, कोरडं पडलेलं चालत नाही. खडीच्या कडेला, जिथे माती सगळ्यात हलकी, तिथे गेलार्डिया आणि कोरिऑप्सिस. गेलार्डिया चिकणमातीत आणि थंडीतल्या ओलीत टिकत नाही, रखरखीत जागी मात्र महिनोन्महिने फुलतो. मध्ये रुडबेकियाची गोल्डस्टर्म, जिला अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशननं १९९९ सालचं बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं होतं. भारी माती ती सहज पचवते. मोह एकिनेशियाचाही होता, पण एकदा रुजल्यावर तिला हलवलेलं आवडत नाही आणि हा वाफा अजून हलवाहलवीतच होता.

शास्तामध्येही बदल केला. लोळणारी झाडं पाहून बेकी जातीची तीन रोपं आणली. ती त्याच असोसिएशनची २००३ सालची निवड. तीन फूट वाढते, पण दांडा जाड आणि ताठ. बेकी फुटव्यांवरूनच वाढवायची, तिच्या बियांतून तीच निघेल असं नाही. त्याचं कारण या फुलाच्या जन्मात आहे. ल्यूथर बरबँक या नव्या जाती घडवणाऱ्या अमेरिकी बागायतदारानं कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा इथे १८८४च्या सुमारास काम सुरू केलं आणि १९०१ मध्ये शास्ता डेझी बाजारात आणली. सतरा वर्षं, आणि संकरात चार जाती: रस्त्याकडेची रानटी ऑक्सआय डेझी, तिचे दोन मोठ्या फुलांचे युरोपी भाऊबंद, आणि पांढऱ्याशुभ्र रंगासाठी जपानी निप्पॉन डेझी. नाव दिलं बर्फानं झाकलेल्या माउंट शास्ता शिखरावरून. एवढी सरमिसळ रक्तात असल्यावर बियांतून आलेली पिलं थोडीफार वेगळी निघणारच. खडीतल्या पिलांत एक निघालं, जेमतेम वीतभर उंच, झालरीसारख्या पाकळ्यांचं. ते रोगट नव्हतं, मी दोनदा तपासलं. ताईनं ते ठेवलं.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी, ताईला ती लागू नाही. जिथे थंडी नावापुरती पडते तिथे शास्ताच्या बऱ्याच जाती पाला भरपूर देतात आणि फुलायला कुरकुरतात, कारण कळ्या धरण्याआधी त्यांना थंडीचे काही आठवडे आणि नंतर लांबत जाणारा दिवस हवा असतो. तिथे ती टिकतेही कमी. अशा ठिकाणी फुलं आली नाहीत तर खत वाढवत बसू नये. गेलार्डिया किंवा रुडबेकिया लावावी.

पुढच्या बहरात डाव्या गादीवाफ्यावर लावलेल्या ११ शास्तांपैकी १० फुलल्या. अकराव्याला गोगलगायींनी कोवळेपणीच संपवलं. उजवीकडे लोळणं थांबलं असं म्हणवत नाही, जोराचा पाऊस झाला की दोन-तीन अजून कलतात, पण आधार न देता बहुतेक उभी राहिली. हेलेनियम बेसुमार उंच झालं. त्याचे शेंडे बहराच्या दीड-दोन महिने आधी खुडायला हवे होते, ते राहून गेलं.

आता लावणीला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात ताईनं फोटो पाठवला. मधल्या चार ठोंबांच्या मध्यभागी पुन्हा वाळकी काटकी दिसायला लागलीय. खाली लिहिलं होतं, "थंडी पडली की फोडते. तू येऊ नकोस, दुपारी फोडशील." शेडनेटबद्दल विचारलं तर म्हणाली, ती मी तेव्हाच आणून ठेवली होती, तुला सांगितलं नाही. गुंडाळी अजून अवजारांच्या खोलीत आहे, प्लॅस्टिकही न काढलेली.